वर्दीतला बंधुभाव आणि कायद्याची चौकट

परमुलखातून आलेल्या पोलिसांची सांस्कृतिक बंधुसंस्था म्हणजे एकाच भाषेच्या, धर्माच्या किंवा मुळाच्या पोलिसांनी सणवार, स्नेहमेळावे आणि अडीनडीच्या मदतीसाठी बांधलेले मंडळ. पगार, ड्यूटी, बदल्या यांवर सरकारशी वाटाघाटी करणे हे कामगार संघटनेचे काम. ते बंधुसंस्थेचे नव्हे.

तिची गरज नाशिकमध्ये सहज समजते. १९०६ मध्ये पुण्याजवळ भांबुर्ड्यात सुरू झालेले पोलीस प्रशिक्षण केंद्र १९०९ मध्ये नाशिकला आले. तीच आजची त्र्यंबक रस्त्यावरील महाराष्ट्र पोलीस अकादमी. विदर्भ, कोकण, खानदेशातले भावी उपनिरीक्षक तिथे एकाच मैदानावर कवायत करतात आणि पुढे घरापासून शेकडो किलोमीटरवर नेमले जातात. गणपतीत कोकणातला पोलीस स्वतःच्या घरी नसतो. दुसऱ्यांच्या मिरवणुकीच्या बंदोबस्ताला उभा असतो. अशा वेळी आपल्या बोलीत विचारपूस करणारे माणूस मोठा आधार ठरते.

न्यूयॉर्क पोलिसांत या आधाराला संस्थेचे रूप आले. ज्यू पोलिसांची शोमरिम सोसायटी १९२४ मध्ये, तर आयरिश वंशाच्या पोलिसांची एमराल्ड सोसायटी १९५३ मध्ये स्थापन झाली. आज तिथे दक्षिण आशियाई पोलिसांची देसी सोसायटी आणि शीख अधिकाऱ्यांची संघटनाही आहे. शिखांनी नेटाने पाठपुरावा केल्यावर डिसेंबर २०१६ मध्ये टोपीऐवजी दलाचे बोधचिन्ह लावलेली निळी पगडी आणि अर्ध्या इंचापर्यंत दाढी यांना परवानगी मिळाली.

भारतात मात्र कायद्याची रेघ स्पष्ट आहे. संविधानाच्या अनुच्छेद ३३ च्या आधारे १९६६ मध्ये पोलिसांच्या हक्कांवर निर्बंध घालणारा कायदा झाला. परवानगीशिवाय पोलिसाला कामगार संघटनेचे किंवा राजकीय संघटनेचे सभासद होता येत नाही. उल्लंघनाला दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. ऑगस्ट १९८२ मध्ये महाराष्ट्र सरकारने पोलीस कर्मचाऱ्यांच्या संघटनेची मान्यता काढली तेव्हा मुंबईत दंगल उसळली. १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हे निर्बंध वैध ठरवले.

तरीही याच कायद्याने निव्वळ सामाजिक, करमणुकीच्या किंवा धार्मिक संस्थांना मोकळीक ठेवली आहे. शंका आल्यास निर्णय सरकारचा. म्हणून मंडळ काढणाऱ्यांनी उद्देश आधी लेखी ठरवावा, सेवाविषयक मागण्या त्यात आणू नयेत आणि वरिष्ठांना विश्वासात घ्यावे. १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली नोंदणीला सात सभासद पुरतात.