प्रतिस्पर्ध्याच्या घरचे ताट

सामना पाहावयास बसावे आणि तोंडात काही टाकू नये, असे बहुधा कोणत्याच देशात घडत नाही. परंतु समोरचा संघ कोणत्या गावचा आहे हे पाहून खाण्याचा बेत ठरवावा, ही हौस अमेरिकेतील फुटबॉलच्या रसिकांनी विशेष जोपासली आहे. वरवर पाहता ही केवळ गंमत. पण त्या गमतीच्या पोटात विचार करण्याजोगे काही आहे.

अमेरिकन फुटबॉल हा आपल्या परिचयाच्या फुटबॉलहून निराळा खेळ. त्यातील लांबट चेंडू मुख्यतः हातांनी खेळविला जातो. 1869 साली रटगर्स व प्रिन्स्टन या दोन महाविद्यालयांत झालेल्या सामन्यापासून त्याचा आरंभ मानतात. सामन्याच्या आधी काही तास प्रेक्षक मैदानाबाहेरील वाहनतळावर जमतात, गाडीची मागील फळी खाली पाडतात आणि शेजारी शेगडी पेटवितात. त्या फळीवरूनच या मेळाव्याला ‘टेलगेटिंग’ असे नाव पडले. जे मैदानावर जात नाहीत ते घरी दूरचित्रवाणीसमोर असाच थाट मांडतात.

या मेळाव्यांत प्रतिस्पर्ध्याला ‘खाण्याचे’ दोन मार्ग आढळतात. पहिला मार्ग नावाचा. लुइझियाना राज्याच्या विद्यापीठाचा सामना फ्लॉरिडाच्या ‘गेटर्स’शी, म्हणजे मगरींशी असला, की लुइझियानाचे लोक मगरीचे मांस शिजवितात, आर्कान्सॉच्या ‘रेझरबॅक्स’शी, म्हणजे रानडुकरांशी गाठ असली, की डुक्कर भाजतात. यात विनोद आहे, ईर्ष्या आहे; पण प्रतिस्पर्ध्याविषयी त्याच्या नावापलीकडे काही कळत नाही. दुसरा मार्ग गावाचा. समोरच्या संघाच्या गावी लोक आवडीने काय खातात हे शोधून तोच पदार्थ आपल्या घरी करावयाचा. हा मार्ग थोडा कष्टाचा खरा, परंतु अधिक फलदायी आहे.

एक उदाहरण घेऊ. 2023 आणि 2025 या दोन्ही वर्षी फेब्रुवारीतील अंतिम सामना, ज्याला ‘सुपर बोल’ म्हणतात, कॅन्सस सिटी व फिलाडेल्फिया या शहरांच्या संघांत झाला. पहिल्या खेपेस कॅन्सस सिटीने 38–35 असा निसटता विजय मिळविला. दुसऱ्या खेपेस फिलाडेल्फियाने 40–22 अशी परतफेड केली. अशा वेळी कॅन्सस सिटीच्या घरी फिलाडेल्फियाचा ‘चीजस्टेक’ करावयाचा, तर त्याची कुळकथा कळतेच. 1930 च्या सुमारास पॅट ओलिव्हिएरी या इटालियन वंशाच्या फेरीवाल्याने गोमांसाचे पातळ काप कांद्याबरोबर परतून लांबट पावात घातले. चीज त्यात पुढे आले. उलट फिलाडेल्फियाच्या घरी कॅन्सस सिटीचे धुरावर मंद शिजविलेले मांस करू गेल्यास हेन्री पेरी या कृष्णवर्णी गृहस्थांचे नाव भेटते. विसाव्या शतकाच्या आरंभी त्यांनी त्या शहरात या धंद्याचा पाया घातला. एका शहराच्या चवीमागे स्थलांतरित इटालियनांचे श्रम, तर दुसऱ्याच्या चवीमागे कृष्णवर्णी समाजाची पाककला! मैदानावरील गुणफलक हे सांगत नाही. ताट मात्र सांगते.

बफेलोचीही गोष्ट अशीच. नावावरून कोणी म्हशीचा संबंध लावू नये. बफेलो हे न्यूयॉर्क राज्यातील शहर आहे. तेथील ‘अँकर बार’ या खाणावळीत 1964 साली तेरेसा बेलिसिमो यांनी कोंबडीचे पंख तळून लोणी व तिखट सॉसमध्ये घोळविले, असे सांगतात. एरवी हे पंख रस्सा काढण्यापुरते वापरीत. जगभर त्यांना ‘बफेलो विंग्ज’ म्हणतात. बफेलोचे लोक मात्र नुसते ‘विंग्ज’ म्हणतात. गावाची ओळख अशा बारकाव्यांतूनच पटते.

मग निवड कशी करावी? पहिली गोष्ट, उपाहारगृहाच्या पाटीवरील नाव न पाहता त्या गावचा सामान्य माणूस काय खातो ते पाहावे. दुसरी, पदार्थ हातात धरून खाता यावा आणि तासभर थांबला तरी बिघडू नये; कारण ऐन रंगात आलेला खेळ सोडून स्वयंपाकघरात जाण्यास कोणी राजी नसते. तिसरी, परगावचा एकच पदार्थ नीट करावा आणि बाकीचे ताट आपल्या घरचे ठेवावे. चौथी व महत्त्वाची गोष्ट ही, की पदार्थ चेष्टेसाठी बिघडवू नये. प्रतिस्पर्ध्याचे अन्न मुद्दाम वाईट करून त्याला नावे ठेवणे म्हणजे न खेळताच सामना जिंकल्याचा आव आणणे होय.

ही कल्पना आपल्याकडेही सहज रुजेल. रणजी करंडकाच्या अंतिम सामन्यात 1945–46 साली इंदूरच्या होळकर संघाने बडोद्याला हरविले आणि पुढच्याच वर्षी बडोद्याने होळकरांना. त्या सामन्यात विजय हजारे व गुल महंमद यांनी चौथ्या गड्यासाठी केलेली 577 धावांची भागी क्रिकेटच्या इतिहासात अमर झाली आहे. दोन्ही नगरांत मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या नांदत आहेत. मध्य प्रदेश व बडोदा यांचा सामना असेल त्या दिवशी इंदूरच्या घरी सेव-उसळ व्हावी आणि बडोद्याच्या घरी पोहे-जिलेबी. कृती मात्र पुस्तकातून न घेता त्या गावच्या एखाद्या ओळखीच्या घरी विचारून घ्यावी. म्हणजे सामन्याच्या आदल्या दिवशी प्रतिस्पर्ध्याशी चार शब्द बोलणे होईल, आणि तेही मिरची किती घालावी याविषयी.