पाहिलेच नाही, ते निवडणार कसे?



सातपुड्यातील आपल्या वसतिगृहात नववीच्या मुलांना “पुढे काय होणार?” असे विचारले, तर उत्तरे ठरलेली असतात: शिक्षक, पोलीस, नर्स. यात मुलांचा दोष नाही. पगाराचे काम करणारी एवढीच माणसे त्यांनी जवळून पाहिलेली असतात. दहावीला अडखळले की दिवाळीनंतर आईवडिलांबरोबर ऊसतोडीला जाणे, हीच वाट उरते.

म्हणून आपण मुलांना तालुक्याच्या गावी कामाच्या ठिकाणी नेतो. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्येही सहावी ते आठवीच्या मुलांनी दहा दिवस दप्तराविना स्थानिक कारागिरांकडे शिकावे, असे सुचविले आहे.

एका वेळी सहा ते आठ मुले, एक शिक्षक आणि अर्धा दिवस, एवढे पुरते. मात्र ती सहल होऊ नये, म्हणून आदल्या दिवशी मुले प्रश्न लिहून घेतात. तुम्ही दहावीनंतर कोणती शाखा घेतली? शिकताना कुठे राहिलात? या कामात अवघड काय आहे?

ग्रामीण रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत एका मुलीने हेच विचारले. “बारावी विज्ञान, मग तंत्रज्ञाचा अभ्यासक्रम,” असे उत्तर मिळाले. मैत्रिणींबरोबर ती अकरावी कला शाखेत जाणार होती. तिला हे काम आवडले तर शाखा अकरावीलाच ठरवावी लागेल, हे आता तिला कळले आहे. बाहेर एका आजीबाईंना मराठी समजेना, तेव्हा तेथील परिचारिका त्यांच्याशी पावरीत बोलल्या. जी बोली शाळेत बोलायला मुले लाजतात, ती इथे कामाला येते, हेही मुलांनी पाहिले.

आयटीआयमध्ये त्यांना समजले की वीजतंत्रीचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा असतो, आणि दहावी नापास झालेल्यांसाठीही काही अभ्यासक्रम खुले असतात. ज्याला गणिताची धास्ती आहे, त्याच्यासाठी ही मोठी बातमी होती.

भेटीनंतर आपण पालकांशी बोलतो. अनुसूचित जमातीच्या राखीव जागेवर व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश घ्यायचा, तर जातीच्या दाखल्याबरोबर वैधता प्रमाणपत्रही लागते. आजोबा-पणजोबांचे जुने कागद शोधण्यात महिने जातात. गुण असूनही कागदावाचून जागा जाऊ नये, म्हणून हे काम लवकर सुरू करावे लागते.

आपल्या मंडळीत परिचारिका आहेत, गॅरेजवाले आहेत, बँकेत व टपाल खात्यात काम करणारे आहेत. या उपक्रमासाठी पैशाइतकीच तुमच्या अर्ध्या दिवसाची गरज आहे. मुलांना तुमचे काम दाखवा आणि तुम्ही तिथवर कसे पोहोचलात, ते खरेखुरे सांगा. अडचणीही सांगा.

या वर्षी दहावीला बसणाऱ्या मुलामुलींसाठी आणि त्यांच्या आईवडिलांसाठी कृपया प्रार्थना करा.