साक्षीदाराची निगा : प्रयोगशाळेतील उंदरांचा निवास आणि संगोपन

दिल्ली विद्यापीठाच्या परिसरालगत जी टेकडी आहे, तिच्या माथ्यावर ‘हिंदूराव’ हे नाव आजही रोज शेकडो लोकांच्या तोंडी असते. कागलच्या घाटगे घराण्यातील हिंदूराव हे बायजाबाई शिंदे यांचे बंधू. १८३५ मध्ये विल्यम फ्रेझर या इंग्रज अधिकाऱ्याचा खून झाला आणि त्यानंतर त्याचा टेकडीवरील बंगला हिंदूरावांकडे आला. आज तेथे त्यांच्याच नावाचे महापालिकेचे रुग्णालय आहे. औषधासाठी रांगेत उभ्या असलेल्या माणसाला या नावामागील मराठी सरदार बहुधा ठाऊक नसतो. हाती पडणाऱ्या औषधामागील आणखी एक जीवही त्याला असाच अपरिचित असतो. तो जीव म्हणजे प्रयोगशाळेतील पांढरा उंदीर. टेकडीच्या पायथ्याशी, विद्यापीठाच्या आवारात, १९४९ मध्ये स्थापन झालेली वल्लभभाई पटेल चेस्ट इन्स्टिट्यूट आहे. अशा संशोधनसंस्थांच्या प्राणिगृहांत या उंदरांची वस्ती असते.

या वस्तीची व्यवस्था ही संशोधनाच्या परिघाबाहेरची, फार तर भूतदयेच्या सदरात मोडणारी बाब आहे, असा सर्वसाधारण समज आढळतो. तो बरोबर नाही. ‘उंदराला मांजर साक्ष’ ही आपली म्हण पक्षपाती साक्षीची थट्टा करते. प्रयोगशाळेत मात्र साक्षीदार उंदीरच असतो. त्याचे वजन, त्याचे रक्त, त्याची हालचाल हीच त्याची जबानी. साक्षीदार भ्यालेला, उपाशी वा आजारी असेल, तर ती जबानी खोटी ठरते आणि तिच्यावर विसंबणाऱ्या माणसाची फसगत होते. तेव्हा उंदराची निगा हा प्रयोगाचाच एक भाग होय.

येथे शब्दाविषयी एक खुलासा आवश्यक आहे. इंग्रजीतील ‘रॅट’ आणि ‘माऊस’ या दोन भिन्न प्राण्यांना मराठीत ‘उंदीर’ हा एकच शब्द पुरतो. ‘घूस’ हा प्राणी आणखी निराळा. प्रस्तुत लेखात उंदीर म्हणजे ‘रॅट’ समजावा. प्रयोगशाळेतील पांढरा उंदीर हा गटारांत वावरणाऱ्या तपकिरी उंदराचाच पाळीव वंशज आहे. त्याची ‘विस्टार’ ही प्रसिद्ध जात विसाव्या शतकाच्या आरंभी फिलाडेल्फिया येथील त्याच नावाच्या संस्थेत वाढविण्यात आली.

पिंजरा आणि प्रयोग यांचे नाते किती जवळचे आहे, हे मुंबई इलाख्यातील प्लेगच्या इतिहासावरून उत्तम प्रकारे कळते. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. उंदीर पडू लागले की माणसेही पडतात, हे लोकांना दिसत होते. परंतु रोग एकाकडून दुसऱ्याकडे जातो कसा, याचा उलगडा होत नव्हता. १८९८ मध्ये पॉल-लुई सिमों या फ्रेंच वैद्याने कराचीत प्लेगग्रस्त उंदीर एका काचपात्रात ठेवला आणि निरोगी उंदीर बारीक जाळीच्या पिंजऱ्यात घालून त्याच पात्रात वर टांगला. दोघांचा प्रत्यक्ष स्पर्श होणे शक्य नव्हते. जाळीतून पिसू मात्र जाऊ शकत होती. निरोगी उंदराला प्लेग झाला.

पुढे १९०५ पासून मुंबईत प्लेग संशोधन आयोगाने हेच काम मोठ्या प्रमाणावर केले. पिसवांना मज्जाव असेल, तर आजारी व निरोगी प्राणी एकत्र नांदूनही साथ पसरत नाही, असे आढळले. जमिनीपासून दोन फूट उंचीवर टांगलेल्या पिंजऱ्यातील गिनिपिग वाचले आणि दोन इंच उंचीवरचे रोगाला बळी पडले. पिसू दोन फूट उडी मारू शकत नाही, एवढेच त्याचे कारण. पिंजऱ्याची उंची चुकती, तर निष्कर्षही चुकला असता.

संगोपनाचे महत्त्व याहूनही स्पष्ट करणारे उदाहरण निलगिरीतील कुन्नूरचे आहे. तेथे रॉबर्ट मॅककॅरिसन यांनी भारतातील विविध प्रांतांचे आहार उंदरांच्या निरनिराळ्या गटांना देऊन त्यांची वाढ मोजली. त्यात एक गट मराठी आहारावर पोसलेला होता. शीख आहारावरील उंदीर सर्वांत पुष्ट निघाले, बंगाली व मद्रासी आहारांवरील कृश राहिले. मराठी गट शीख व पठाण गटांच्या मागे, परंतु या दोहोंच्या पुढे होता. ही तुलना अर्थपूर्ण का ठरली? सर्व गटांतील उंदीर सारख्या वयाचे व सारख्या वजनाचे होते, आणि अन्नाखेरीज बाकी सर्व परिस्थिती शक्य तितकी समान ठेवलेली होती म्हणून. मॅककॅरिसन यांनी प्रयोगासाठी राखलेल्या मूळ वसाहतीला स्वच्छता, मोकळी हवा, सूर्यप्रकाश आणि पोळी, लोणी, मोड आलेले हरभरे, कच्च्या भाज्या, दूध असे अन्न मिळे. ती वसाहत वर्षानुवर्षे जवळजवळ रोगमुक्त राहिली. मूळ वसाहतच रोगट असती, तर कृशपणाचा दोष आहाराकडे जातो की कोंदट खोलीकडे, हे कोणी सांगितले असते? कुन्नूरची हीच संस्था पुढे १९५८ मध्ये हैदराबादला गेली आणि १९६९ पासून राष्ट्रीय पोषण संस्था म्हणून ओळखली जाऊ लागली.

आता उंदराच्या गरजा पाहू. त्याला घाम येत नाही. शरीरातील उष्णता बाहेर टाकण्याचे मोठे साधन म्हणजे त्याची केसरहित शेपटी. म्हणून दिल्लीच्या उन्हाळ्यात, पारा ४५ अंशांच्या आसपास जात असता, वीज गेलेले प्राणिगृह हे संकटच होय. भारतीय मार्गदर्शक तत्त्वांनी प्राणिगृहाचे तापमान १८ ते २९ अंश सेल्सिअस आणि सापेक्ष आर्द्रता ३० ते ७० टक्के असावी असे म्हटले आहे. हवा सतत बदलती हवी. कारण मूत्रापासून तयार होणारा अमोनिया उंदराच्या श्वसनमार्गाला इजा करतो. प्रकाश व अंधार यांचे चक्र साधारणपणे बारा-बारा तासांचे ठेवतात. पांढऱ्या उंदराच्या डोळ्यांत रंगद्रव्य नसल्याने प्रखर उजेड त्याच्या दृष्टीस अपाय करतो. शिवाय हा प्राणी निशाचर आहे. आपण भर दिवसा त्याची परीक्षा घेतो तेव्हा त्याला झोपेतून उठवीत असतो, याचे भान संशोधकाने ठेवले पाहिजे.

पिंजऱ्याच्या तळाशी भाताचे तूस, मक्याच्या कणसाचा भुगा किंवा लाकडाचा कीस निर्जंतुक करून पसरतात. तारेच्या जाळीवर सतत उभे राहिल्याने उंदराच्या पायांना जखमा होतात. मात्र कीस कोणत्या लाकडाचा, हेही पाहावे लागते. पाइन वा देवदार वर्गातील लाकडांच्या वासाने उंदराच्या यकृतातील विकरांचे कार्य बदलते. मग औषधाचा परिणाम म्हणून जो नोंदविला जाईल, तो कदाचित अंथरुणाचा परिणाम असेल. उंदराचे पुढचे दात जन्मभर वाढतात. त्याला कुरतडण्यास काही कठीण लागते. तो समूहप्रिय आहे. सबळ कारणावाचून त्याला एकटे ठेवू नये. माणसाला ऐकू न येणारे उच्च कंप्रतेचे आवाज त्याला ऐकू येतात. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात तर असे दिसून आले की, खोलीत पुरुषाचा नुसता गंध असला तरी या प्राण्यांवर ताण येतो आणि त्यांची वेदनेची प्रतिक्रिया बदलते. निरीक्षक हाही प्रयोगाचा घटक असतो, तो असा.

हे सारे सांभाळणारी व्यक्ती म्हणजे प्राणिगृहातील सेवक. शोधनिबंधावर त्याचे नाव क्वचितच येते. परंतु कोणता उंदीर आज अंग फुगवून कोपऱ्यात बसला आहे, कोणी पाणी सोडले आहे, हे सर्वांआधी त्याला कळते. रविवार आणि दिवाळी ही माणसांची. उंदराची तहान पंचांग पाहत नाही. अशा सेवकाला योग्य शिक्षण व मान देणे हा काटकसरीचा नव्हे, तर शास्त्रीय काटेकोरपणाचा प्रश्न आहे.

कायद्यानेही हे उत्तरदायित्व मान्य केले आहे. रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत केलेल्या प्रयत्नांतून १९६० चा प्राणिक्रौर्य प्रतिबंधक कायदा आला. १९९८ च्या नियमांनी प्राणिप्रयोग करणाऱ्या संस्थांना नोंदणी आणि नीतिसमिती बंधनकारक केली. या समितीवर विज्ञानक्षेत्राबाहेरचा, सामाजिक जाण असलेला एक सदस्य असावा लागतो. त्याने विचारावयाचे प्रश्न रसेल आणि बर्च यांनी १९५९ मध्येच मांडून ठेवले आहेत : प्राण्यावाचून भागेल काय? कमी प्राण्यांत भागेल काय? त्यांच्या वेदना कमी करता येतील काय?

या प्रश्नांनी मूळ पेच सुटतो असे मात्र नाही. घरात ज्याला आपण सापळा लावतो आणि देवघरात गणपतीच्या पायाशी ज्याला बसवितो, त्यालाच प्रयोगशाळेत सांभाळतो, आणि हा सांभाळ बहुधा मृत्यूपाशीच संपतो. उत्तम निगेने हा हिशेब फिटत नाही. परंतु निगा नसेल, तर त्या जिवाकडून आपण घेतलेली साक्षही वाया जाते. त्याचे दुःख उरते आणि ज्ञान मात्र हाती लागत नाही. हिंदूरावच्या रांगेतील रुग्णाचे हित आणि पायथ्याच्या प्राणिगृहातील उंदराचे स्वास्थ्य हे परस्परविरोधी पक्ष नव्हेत. पहिले बऱ्याच अंशी दुसऱ्यावरच अवलंबून आहे.