आपोआप डेलिगेशन: काय वाचतं, काय वाचत नाही

हुबळीच्या दाजीबानपेठेतल्या एखाद्या साड्यांच्या दुकानाचा स्टॉक सांभाळणारा प्रोग्राम घ्या. नगांचे क्रमांक ठेवायला तयार संच भाषेबरोबरच मिळतो. मालकांना त्यात एकच भर हवी आहे: आज किती नग आत आले, ते आपोआप मोजलं जावं. म्हणजे ‘नग जोडा’ आणि ‘गठ्ठा जोडा’ या दोनच मेथड बदलायच्या. पण संचाला मेथड असतात डझनभराहून जास्त. त्याभोवती वेष्टन-क्लास लिहायचा, तर उरलेल्या प्रत्येक मेथडसाठी ‘आतल्याला विचार, त्याचं उत्तर परत दे’ एवढीच ओळ हाताने लिहावी लागते. प्रोग्रामर वैतागून जिला बॉयलरप्लेट म्हणतात, ती हीच. या ओळी कंपायलरनेच लिहाव्यात, ही आपोआप डेलिगेशनची कल्पना. कोटलिनमध्ये त्यासाठी ‘बाय’ हा एक शब्द पुरतो. गो भाषेत एका स्ट्रक्टमध्ये दुसरं बिननावाने ठेवलं की झालं.

‘एवढ्यासाठी कशाला? इनहेरिटन्स आहे की!’ हे उत्तर हमखास येतं. जोशुआ ब्लॉक यांनी ‘इफेक्टिव्ह जावा’मध्ये (2001) नेमक्या अशाच मोजणीने ते खोडून काढलं. जावाच्या हॅशसेटपासून आपला क्लास काढून तीन नगांचा गठ्ठा जोडला, तर मोजणी येते 6. कारण हॅशसेटची गठ्ठा जोडणारी मेथड आतून प्रत्येक नगासाठी ‘नग जोडा’ला हाक मारते आणि ती तर आपण बदललेली. तीन गठ्ठ्याचे, तीन सुटे! आपल्या कोडची एकेक ओळ तपासली तरी चूक दिसत नाही. वेष्टन केलं की आकडा 3 येतो, कारण आतल्या संचाला बाहेरच्याचा पत्ताच नसतो. जावा घडवणारे स्वतःही या मोहातून सुटले नाहीत. त्यांचा स्टॅक व्हेक्टरपासून काढलेला आहे, त्यामुळे थप्पीच्या मधोमधही वस्तू खुपसता येते.

यातून उलटा गैरसमज निघतो आणि तो जास्त चिवट आहे: डेलिगेशन म्हणजे कमी धोक्याचं इनहेरिटन्स. समजा, आतल्या ऑब्जेक्टची ‘एकूण बिल’ मेथड प्रत्येक साडीसाठी ‘किंमत’ला विचारते. दसऱ्याची दहा टक्के सूट द्यायला आपण वेष्टनात फक्त ‘किंमत’ बदलली. हजाराच्या साडीची किंमत विचारली, तर उत्तर 900. तिचं बिल काढलं, तर 1000. ‘एकूण बिल’ आत चालतं आणि आतलीच ‘किंमत’ विचारतं. ज्या गुणामुळे मोजणी सुधारली, त्यानेच इथे गिऱ्हाइकाशी भांडण लावलं. गोमध्येही हेच घडतं.

जावास्क्रिप्टमधून आलेला माणूस इथे हमखास फसतो, कारण तिथे उलटं आहे. हेन्री लीबरमन यांनी 1986 मध्ये मांडलेल्या डेलिगेशनमध्ये काम दुसऱ्याकडे सोपवलं तरी ‘मी’ हा मूळ ऑब्जेक्टच राहतो. डेव्हिड अंगर आणि रँडल स्मिथ यांच्या सेल्फ भाषेतून ही रीत जावास्क्रिप्टमध्ये उतरली. तिथे बिल प्रोटोटाइपकडून आलं, तरी किंमत ज्याला बिल विचारलं त्या ऑब्जेक्टची लागते: 900. कोटलिन आणि गो करतात ते खरं तर नुसतं पुढे पाठवणं.

वेगाची चिंता मात्र बहुतेक फुकाची. कोटलिनच्या ओळी कंपाइल होतानाच तयार होतात आणि अशा छोट्या मेथड जावा व्हर्च्युअल मशीन चालू असताना सहसा विरघळवून टाकतं. रुबीत ‘मेथड मिसिंग’वर, म्हणजे न सापडलेली हाक प्रोग्राम चालू असताना पकडून पुढे पाठवण्यावर विसंबलात, तर गोष्ट वेगळी.

‘हाताने लिहिलेलंच खात्रीचं’ असं मानणाऱ्यांनी 2014 आठवावं. जावा 8 ने कलेक्शन इंटरफेसमध्ये ‘रिमूव्हइफ’ ही मेथड तयार कोडसकट घातली. अपाचे कॉमन्स या लायब्ररीच्या सिंक्रोनाइज्ड कलेक्शनमध्ये प्रत्येक मेथड एका वेळी एकाच थ्रेडला आत सोडणारं कुलूप लावून हाताने लिहिलेली होती. ही नवी मेथड तिथे कुलपाविनाच चालू लागली आणि कंपायलरने हूं की चूं केलं नाही. कंपायलरकडे काम सोपवलं म्हणून राखण होतेच असंही नाही. उद्या आमच्या स्टॉकच्या इंटरफेसमध्ये ‘परत आलेला माल जोडा’ अशी मेथड आली, तर ‘बाय’ ती थेट आत पोचवेल आणि मोजणीला कळणारही नाही. म्हणून नुसती भर घालायची असेल तिथे मी ‘बाय’ बेलाशक वापरेन. राखण करायची असेल तिथे मोजक्या मेथडचा छोटा इंटरफेस करून त्या हातानेच लिहीन.

लॉम्बॉक या जावाच्या लोकप्रिय साधनातही डेलिगेट नावाची सोय आहे, पण कर्त्यांनी ती प्रायोगिक विभागात हलवली आणि ती तिथून बाहेर येण्याची आशा फारशी नाही, असंही लिहून ठेवलं.

कोटलिनमध्ये आणखी एक खाच आहे. कन्स्ट्रक्टरमध्ये बदलता येईल असा संच घेऊन त्यावर ‘बाय’ लावलं आणि नंतर त्या जागी दुसरा संच ठेवला, तरी कोड कंपाइल होतो, चालतो. प्रॉपर्टी विचारली तर नवा संच दिसतो. पण कंपायलरने सुरुवातीचा संच स्वतःकडे वेगळा धरून ठेवलेला असतो आणि आपोआप लिहिलेली प्रत्येक मेथड त्या जुन्यालाच विचारत राहते.