रात्रीच्या विजेचे छायाचित्र

मे महिन्याच्या अखेरीस जळगावात दिवसभर अंग भाजते आणि संध्याकाळी कधी कधी उत्तरेला, सातपुड्याच्या अंगाने, ढग चढू लागतात. रात्री वीज चमकू लागली की कॅमेरा घेऊन तिला पकडावे असे वाटते. आम्हीही प्रथम वीज दिसताच बटण दाबले. चित्रात आला तो नुसता काळोख!

असे का व्हावे? डोळ्यांनी पाहून बोट हलेपर्यंत सुमारे पाव सेकंद जातो. वीज एका चमकीत बहुधा त्याच वाटेने तीन-चार वेळा धावते, म्हणून ती थरथरल्यासारखी दिसते. पण हा सारा खेळ बहुतेक वेळा अर्ध्या सेकंदात आटोपतो. तेव्हा वीज चमकण्याआधीच शटर उघडून वाट पाहायची. अमेरिकेत विल्यम जेनिंग्ज यांनी १८८२ साली विजेचे छायाचित्र घेतले. चित्रकार काढतात तशी वीज नागमोडी कोनांची नसून झाडाच्या मुळांसारखी फुटते, हे त्यातून दिसले.

कृती अशी. कॅमेरा तिकाटण्यावर घट्ट बसवा. फोकस दूरच्या दिव्यावर हातानेच जुळवा. आयएसओ १००, छिद्राचा आकडा ८ आणि शटर १५ ते ३० सेकंद ठेवा. चित्रामागून चित्र घेत राहा. एखाद्यात वीज सापडेल. वीज क्षणभरच असल्याने तिचा उजेड शटरच्या वेळेवर नव्हे, छिद्रावर ठरतो. गावातले दिवे मात्र सतत जळतात, म्हणून वेळ वाढवली तर आकाश पांढुरके होते. वीज फार भगभगीत आली तर आकडा ११ करा, फिकी आली तर ५.६.

आता सर्वांत महत्त्वाचे. चमक दिसताच सेकंद मोजा. ध्वनी एका सेकंदात सुमारे ३४० मीटर जातो, म्हणजे दर तीन सेकंदांना एक किलोमीटर. १२ सेकंदांनी गडगडाट आला तर वीज ४ किलोमीटरवर आहे. अंतर ३० सेकंदांहून कमी झाले की वीज १० किलोमीटरच्या आत आली. पुढची आपल्या डोक्यावरही पडू शकते. गच्ची, ओसरी, मैदान, झाडाखालची जागा तत्काळ सोडा. धुळ्याच्या मुलांना लळिंगच्या किल्ल्यावरून सुरेख चित्र मिळेल असे वाटेल, पण उंच, उघडी जागाच सर्वांत धोक्याची. दर पावसाळ्यात शेतात काम करणारी माणसे विजेने दगावतात, हे विसरू नये.

चित्र काढायचे ते पक्क्या घरात, बंद खिडकीच्या काचेआडून, खोलीतला दिवा मालवून. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नका.

सातपुड्यावर वीज दिसते, पण गडगडाट ऐकू येत नाही, असे अनेकदा घडते. असे का, हे विद्यार्थ्यांना विचारून पाहा. उत्तर शोधताना ती वीज किती दूर असावी, याचा अंदाजही ती बांधतील.