मामा तलावांचा पत्ता : भंडाऱ्याचे पाणी आणि नकाशांची खुली भाषा

भंडारा हा तलावांचा जिल्हा. गोंड राजांच्या काळात कोहळी समाजातील जाणकारांनी जमिनीचा उतार ओळखून पाळी घातल्या, पाणी सोडायला तुडूम बसवले आणि खालच्या बांध्यांत धान पिकवले. पुढे हे तलाव मालगुजारांकडे, म्हणजे गावाचा सारा वसूल करणाऱ्या जमीनमालकांकडे गेले. गावाचे पाणी, मासे आणि चराई यांवरचे हक्क वाजिब-उल-अर्ज आणि निस्तारपत्रक या दप्तरांत लिहिले गेले. 1950च्या कायद्याने मालगुजारी संपली, तलाव सरकारकडे आले आणि 'माजी मालगुजारी' या नावावरून लोकांच्या तोंडी 'मामा तलाव' झाले.

दप्तरे मात्र फिरत राहिली. 1956 साली जिल्हा मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात आला, 1960 साली महाराष्ट्रात, आणि 1999 साली त्यातून गोंदिया वेगळा झाला. आज 100 हेक्टरपर्यंत सिंचन करणारे मामा तलाव जिल्हा परिषदेकडे आहेत आणि त्याहून मोठे राज्याच्या यंत्रणेकडे. जमिनीची हद्द भूमी अभिलेख खात्याकडे असते, मासेमारीचा व्यवहार मत्स्यव्यवसाय खात्याच्या कक्षेत येतो. तलाव एकच, पण त्याची माहिती अनेक कपाटांत आहे. ती एकमेकांशी जुळायची असेल, तर सगळ्यांना वाचता येईल असे खुले स्वरूप लागते.

तीन चिन्हांची जागा

भौगोलिक माहितीच्या देवाणघेवाणीत 'शेपफाइल' हे स्वरूप गेली तीन दशके रुळलेले आहे. अमेरिकेतील एस्री कंपनीने ते तयार केले आणि 1998 साली त्याची रचना जाहीर केली. त्यात एका नकाशासाठी किमान तीन फायली लागतात. अक्षवृत्त-रेखावृत्ताची पद्धत सांगणारी चौथी फाईल वाटेत हरवली, तर नकाशा कुठे मांडायचा हेच कळत नाही. त्यातील तक्त्यात रकान्याच्या नावाला जागा फक्त 10 बाइटची. युनिकोडच्या प्रचलित यूटीएफ-8 पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह 3 बाइट घेते. म्हणजे 'तलाव' एवढा साधा शब्दही त्या रकान्याच्या नावात मावत नाही.

खुली स्वरूपे ही अडचण दूर करतात. 2008 साली आकाराला आलेले आणि 2016 साली इंटरनेट मानक म्हणून नव्याने लिहिले गेलेले 'जिओजेसन' हा साधा मजकूर असतो. कोणत्याही संगणकावर तो उघडता येतो आणि मराठी नावे त्यात जशीच्या तशी राहतात. 1994 साली स्थापन झालेल्या ओपन जिओस्पेशियल कन्सॉर्शियमने 2014 साली 'जिओपॅकेज' मान्य केले. त्यात नकाशाचे सगळे थर एकाच फायलीत बसतात.

तरीही शिस्त हवीच. भंडारा शहर साधारण 21.2 उत्तर अक्षांशावर आणि 79.7 पूर्व रेखांशावर आहे. जिओजेसनमध्ये रेखांश आधी लिहायचा असतो. क्रम उलटला, तर भंडारा थेट उत्तर ध्रुवाजवळच्या स्वालबार्ड द्वीपसमूहात जाऊन बसते. एवढी मोठी चूक लगेच दिसते. लहान चुका जास्त घातक असतात. सर्व्हे ऑफ इंडियाचे जुने नकाशे एव्हरेस्ट गोलाभावर बेतलेले आहेत, तर मोबाइलचा जीपीएस डब्ल्यूजीएस-84 ही वेगळी पद्धत वापरतो. रूपांतर न करता दोन्ही एकावर एक ठेवले, तर या भागात शंभर मीटरहून अधिक फरक पडतो. तेवढ्याने तलावाची पाळ शेजारच्या शेतात जाते आणि अतिक्रमणाचा वाद खऱ्या पुराव्याशिवाय उभा राहतो.

बिंदू पुरत नाही

केंद्रीय जलशक्ती मंत्रालयाने 2023 साली देशातील जलसाठ्यांची पहिली गणना प्रसिद्ध केली. तिच्यात 24 लाखांहून अधिक जलसाठे नोंदले गेले. हे मोठे काम आहे. पण अक्षांश-रेखांशाचा एक बिंदू तलावाची जागा दाखवतो, त्याचा पसारा दाखवत नाही. येवा कुठून येतो, सांडव्याचे पाणी कुठे जाते, बुडीत क्षेत्र किती आणि पाटाखाली कोणाची शेते, हे कळायला रेषा आणि क्षेत्रे लागतात. शिवाय प्रत्येक तलावाला सर्व खात्यांनी मानलेला एकच क्रमांक हवा. गावांच्या नावांचे रोमन स्पेलिंग खात्याखात्यात बदलते, त्यामुळे नावावरून जोडणी नीट होत नाही.

भंडाऱ्यातून वाहणाऱ्या वैनगंगा नदीचे पाणी तर राज्याची सीमाही मानत नाही. ऑगस्ट 2020च्या अखेरीस मध्य प्रदेशात अतिवृष्टी झाली, सिवनी जिल्ह्यातील संजय सरोवर धरणातून पाणी सोडले गेले आणि भंडाऱ्यात महापूर आला. खाली पवनी तालुक्यातील गोसीखुर्द धरणाचे 33 दरवाजे उघडावे लागले. अशा वेळी वरच्या धरणाचा विसर्ग, नदीची पातळी आणि गावांची उंची एकाच नकाशावर दिसायला हवी. त्यासाठी दोन्ही राज्यांची माहिती आधीपासून एकाच स्वरूपात असावी लागते. पूर आल्यावर फायली बदलत बसायला वेळ मिळत नाही.

हक्काची माहिती

धोरणाचा पाया तयार आहे. 2012च्या राष्ट्रीय माहिती धोरणाने सरकारी खर्चाने गोळा केलेली, गोपनीय नसलेली माहिती यंत्राला वाचता येईल अशा रूपात देण्याचे तत्त्व मान्य केले. फेब्रुवारी 2021च्या मार्गदर्शक सूचनांनी भारतीयांसाठी नकाशे बनवण्यावरचे पूर्वपरवानगीचे बंधन काढले. 2022 साली राष्ट्रीय भूस्थानिक धोरण आले. तांत्रिक मदतीसाठी राज्याचे सुदूर संवेदन उपयोजन केंद्र जवळच नागपुरात आहे.

म्हणून मागणी नेमकी आणि पूर्ण करता येण्याजोगी आहे. जिल्ह्यातील प्रत्येक मामा तलावाची हद्द, पाळ, सांडवा आणि लाभक्षेत्र एका क्रमांकाखाली, मराठी नावासह, खुल्या स्वरूपात प्रसिद्ध व्हावे. निस्तारपत्रकातील हक्कही त्याला जोडावेत. ग्रामसभेने हा नकाशा तपासावा आणि त्यातील चुका दुरुस्त करण्याचा अधिकार तिला असावा. तलाव गावाने बांधले आणि शतकानुशतके गावाने राखले. त्यांचा नकाशा गावाच्या हाती देणे हे शासनाचे कर्तव्य आहे आणि तो मागणे हा गावकऱ्यांचा हक्क आहे.