डुकरिणीच्या दुधातली चरबी

दूध तापवून ठेवले की वर साय धरते. दुधातली चरबी पाण्याहून हलकी, म्हणून वर येते. गाईच्या शंभर भाग दुधात ती सुमारे चार भाग असते, म्हशीच्या दुधात सात. आणि डुकरिणीच्या? हसू नका मंडळी. तिच्याही दुधात सातच्या आसपास. म्हणजे ती म्हशीच्या पंगतीला बसते!

एवढी चरबी कशाला? तिचे पिलू पाहा. वासरू अंगावर दाट केस घेऊन येते. हे पिलू जेमतेम किलो-सव्वा किलोचे, केस विरळ, अंगात चरबी शंभरात एक-दोन भाग. जन्मताच ते गारठू लागते. गारठले की सुस्त पडते, मग सडाला पोचत नाही. उबेसाठी आईला चिकटते आणि तिच्याखाली सापडते. “पिलू दबून मेलं,” असे आपण म्हणतो. पुष्कळदा ते आधीच गारठलेले नि उपाशी असते. चरबी ही पिठा-साखरेच्या दुपटीहून जास्त उष्णता देते. त्या पिलाची शेकोटी म्हणजे आईचे दूध.

ही चरबी तुपापेक्षा मऊ असते. गाई-म्हशींच्या पोटात चारा आंबतो, तिथे तेलाचे रूप पालटून ते घट्ट होते. डुकरिणीला तसले पोट नाही. तिने खाल्लेले तेल बरेचसे तसेच दुधात उतरते. म्हणून व्यायच्या आधीच्या आठवड्यात आणि पुढेही खाण्यात थोडे तेल घातले, तर दुधातली चरबी वाढते.

मग तिचे लोणी काढावे का? त्या फंदात पडू नये. तिच्या कासेत दूध साठायला जागाच नसते. तासाभराने एकदा पान्हा सोडते, तो दहा-वीस सेकंदांत आटोपतो. तेवढ्यात ज्याच्या तोंडी सड, त्याचे पोट भरले.

म्हणून डुकरीण व्याली की पिले कोरड्या कापडाने पुसा, लगेच सडाला लावा. पहिल्या दिवसाचा चीक चुकवू नका. एका कोपऱ्यात कोरडा पेंढा घालून वर विजेचा दिवा उंच टांगा. पेंढ्याजवळ चिमणी मात्र नको. सगळे खोपट तापवू नका. पिलाला ऊब हवी, पण आईला उकडले की ती खाणे कमी करते, आणि मग दूधही आटते.